धुणीघराच्या भिंतीवरचे रेन

क्लेम फॉसेट पडला तो त्रेसष्ट सालच्या जानेवारीत, सकाळी आठच्या सुमाराला, स्वतःच्याच अंगणात. नाताळच्या दुसऱ्या दिवशी सुरू झालेला बर्फ तोवर शेतांच्या दगडी बांधांवर चढून बसला होता. पाखरांच्या थाळीतलं पाणी दगडासारखं गोठलं म्हणून हा पासष्ट वर्षांचा माणूस उकळत्या पाण्याची किटली घेऊन बाहेर निघाला आणि पायरीवरच घसरला. खुब्यापाशी हाड मोडलं. मी तेव्हा हॅगडेलमध्ये टपाल वाटायचे. फाटकापाशीच होते, म्हणून धावले. तो पांढराफटक पडला होता, पण तोंडातून पहिला शब्द निघाला तो असा:

"नोरा, किटली बघ. पाणी उरलंय का त्यात? असेल तर थाळीत ओत आधी."

त्याची बायको ॲग्नेस दारात उभी होती. ती म्हणाली, "ऐकलंस ना? हाड मोडलंय, आणि याला पडलीय पाखरांची."

ट्रॅक्टरला फळ्यांची घसरगाडी बांधून क्लेमला खाली खोऱ्यात नेलं, आणि तिथून बारा मैलांवरच्या इस्पितळात. पायाला वजन टांगून दहा आठवडे उताणं झोपायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. रस्ता दिवसाआड बंद व्हायचा, त्यामुळे भेटायला जाणं शक्यच नव्हतं. बर्फ सारणाऱ्या गाडीबरोबर टपालाची पिशवी तेवढी वर यायची, आणि ती पाठीवर टाकून गुडघाभर बर्फातून मी दारोदार फिरायचे.

क्लेमचं पहिलं पत्र चार दिवसांनी आलं. इस्पितळातल्या जेवणाच्या यादीच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहिलेलं. ॲग्नेसने ते माझ्यासमोर दारातच फोडलं, वाचलं, आणि माझ्या हातात दिलं.

"वाच. मोठ्याने वाच. मला चष्मा बरोबर लागलाय की नाही ते कळू दे."

मी वाचलं. "'ॲग्नेस, थाळीतलं पाणी दिवसातून दोनदा बदल. पाण्यात मीठ नको. खारवलेल्या डुकराची चरबी अजिबात नको. अंगणातल्या मेजावर ठेवलेलं रेन पाखरं खात नाहीत, ते भिंतींच्या फटींतून फिरतात. त्यांच्यासाठी चीज किसून कुंपणाखाली टाक, आणि चरबीचे कण दगडांच्या फटीत बोटाने दाबून बसव. तुझा, क्लेम.'"

"संपलं?"

"संपलं."

"एकोणतीस वर्षं संसार केला मी या माणसाबरोबर," ॲग्नेस म्हणाली. "मी जिवंत आहे का, चूल पेटतेय का, काही नाही. रेनला चीज किसून घाल!" आणि तिने दार लावून घेतलं.

तिला पाखरांचा खरोखरच राग होता. तिने बावीस वर्षं आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात काढली होती. स्वच्छतेची भारी कडक. क्लेमची पाखरं वाळत घातलेल्या चादरींवर घाण करायची, आणि त्यावरून दर सोमवारी त्या घरात भांडण व्हायचं. धुणं सोमवारचं असायचं ना. त्यामुळे ते पत्र चुलीत गेलं असणार असं मी धरून चालले.

दोन दिवसांनी गेले तर ही अंगणात ओणवी, क्लेमचा जुना कोट घालून, बांधाच्या दगडांत बोटं खुपसतेय.

"काय म्हणता, मिसेस फॉसेट?" मी शक्य तेवढं हसू आवरून विचारलं.

ती उठली. खिशातून हातरुमाल काढला आणि उलगडून माझ्यापुढे धरला. आत एक मेलेला रेन होता. रेन म्हणजे केवढा, आक्रोडाएवढा तपकिरी गोळा आणि त्याला वर उभी शेपूट. एरवी झुडपातून नुसता त्याचा आवाज यायचा, इतका मोठा की एवढ्याशा छातीत मावतो कसा असं वाटावं. आता पाय पोटाशी घेऊन पडला होता.

"स्वयंपाकघराच्या खिडकीत सापडला," ती म्हणाली. "काचेला चिकटून. मी आत बसून पुडिंग खात होते, आणि हा बाहेर काचेला चिकटून मेला. हातात घेतला तर वजनच नाही गं! पेनीचं नाणं जड लागेल."

मी टपालाची पिशवी खाली ठेवली.

"त्याने लिहिलं म्हणून करत नाहीये मी," ती एकदम कडक आवाजात म्हणाली. "त्याला तसं कळवूही नकोस. बावीस वर्षांत माझ्या दारातून एक पोर उपाशी गेलं नाही. युद्धाच्या काळात, रेशनवर, तेव्हाही नाही. माझ्या खिडकीत कुणी भुकेने मरायचं नाही. बस."

ते 'बस' ऐकून शाळेतली मोठमोठी पोरं गप्प बसायची. जानेवारीच्या थंडीनेही बसावं असं तिला वाटत असावं.

दुसऱ्या दिवशी ती दीड मैल चालत खाटकाच्या दुकानात गेली. माझी वाट तीच होती म्हणून मीही बरोबर होते. खाटीक टायसन तिशीचा, लालबुंद गालांचा, जिभेला हाड नसलेला.

"गुर्द्याभोवतीची चरबी हवीय मला," ॲग्नेस म्हणाली. "छाटून टाकतोस ती सगळी. रोज."

"रोज? काय बाईसाहेब, फौज जेवायला घालताय काय?"

"पाखरांना हवीय."

टायसन सुरी खाली ठेवून हसला. "ऐका! लोकांना मांसाच्या पाईला चरबी मिळेना, आणि ही पाखरांच्या जेवणावळी घालणार. सांगू का, पाखरंच आणा इकडे मारून. पाईत भरू."

दुकानात दोन-तीन बायका होत्या, त्याही हसल्या. ॲग्नेस हसली नाही.

"रॉय टायसन," ती म्हणाली, "तू सात वर्षांचा होतास तेव्हा रोज तीन वेळा ताट पुढे करायचास. नियम एकदाच वाढायचा होता. मुख्याध्यापिका माझ्या मागे उभी असायची. मी वाढलं की नाही तुला?"

टायसनचे गाल होते त्याहून लाल झाले.

"वाढलं."

"कधी विचारलं, की कुठे घालतोस एवढं?"

त्याने कागदात चरबीचा मोठा गोळा बांधला आणि पुढे सरकवला. ती दाराशी पोचली तेव्हा मागून म्हणाला, "उद्या दहाच्या आधी या. दहानंतर वितळवायला टाकतो मी."

त्या दिवसापासून तिचं स्वयंपाकघर पुन्हा चालू झालं. चरबी मंद आचेवर वितळवायची, त्यात ओट आणि बिस्किटांचा चुरा कालवायचा, जुन्या कपांत ओतून थिजवायचं. सफरचंदं अर्धी कापून कस्तुरांसाठी बर्फावर पालथी. तिने सगळ्यांना ओळखायला आठ दिवस घेतले आणि मग नावं ठेवायला सुरुवात केली. साळुंक्या दांडगट, रांग मोडणाऱ्या. "त्यांना मी लांब कोपऱ्यात वाढते, वेगळ्या पंगतीला." रॉबिन एकलकोंडा आणि भांडकुदळ. निळ्या डोक्याच्या वल्गुल्या, चिमणीहून लहान पण चलाख, कपाला उलट्या लटकून जेवणाऱ्या. "पण रेनचं अवघड आहे, नोरा. ते मागत नाहीत. शाळेतही अशी पोरं असायची. न मागणाऱ्यावरच नजर ठेवावी लागते."

रेन संध्याकाळी कुठे जातात तेही तिने शोधलं. घराच्या मागे धुणीघर होतं: दगडी खोली, आत कपडे उकळायच्या तांब्याच्या हंड्याखालचं चुलाण आणि विहिरीचा हातपंप. त्याच्या धुराड्याच्या भिंतीवर बाहेरून क्लेमने कधीतरी एक लाकडी घरटं ठोकलं होतं. दिवस कलला की रेन एकेक करून येऊन त्या इवल्या भोकातून आत शिरायचे आणि एकमेकांना चिकटून, थर लावून रात्र काढायचे. मी एकदा परतीच्या वाटेवर तिथे थांबले होते. ती पुटपुटत मोजत होती. एकोणतीस, तीस, एकतीस. एकतिसावा आत जागा नव्हती म्हणून दोनदा बाहेर ढकलला गेला आणि तिसऱ्यांदा डोकं खाली घालून घुसला.

"हां, असं," ॲग्नेस म्हणाली. "सोडू नकोस."

महिना सरता सरता थंडी अशी पडली की कालव्याच्या काठची झाडं मध्यरात्री फटाक्यासारखी तडकली म्हणतात. एकतीसचे सव्वीस झाले, सव्वीसचे चोवीस. ॲग्नेसने क्लेमला आकडे कळवले. त्याचं उत्तर आलं ते मीच दिलं तिच्या हातात. 'तू करतेस तेवढं खूप झालं. पोट भरलं तरी रात्र काढायला ऊब लागते, आणि ती आपल्या हातात नाही. मनाला लावून घेऊ नकोस.'

तिने ते मला वाचायला दिलं, परत घेतलं आणि घडी करून खिशात घातलं. मग धुणीघराकडे बघत म्हणाली, "आपल्या हातात नाही म्हणे. याला काय माहीत माझ्या हातात काय आहे ते."

कोळसा कमी होता. सगळ्यांचाच कमी होता. कोळशाची गाडी तीन आठवडे वर आली नव्हती. दोन चुली पेटवणं शक्य नव्हतं, म्हणून तिने घरातली चूल विझवली. आरामखुर्ची, दिवा, रेडिओ, चहाचं सामान, गादी, सगळं धुणीघरात हलवलं आणि चुलाण पेटवलं. दुपारी तीनला आच वाढवायची, म्हणजे अंधार पडेपर्यंत धुराड्याचे दगड तापायचे. मी बाहेरून हात लावून पाहिला. गरम नाही म्हणता येणार, पण बाकीची भिंत हाताचं कातडं ओढायची आणि तिथे तसं होत नव्हतं.

ही बातमी गावात पोचायला वेळ लागला नाही. शेजारची बर्था स्पेन्सली कुंपणापाशी येऊन उभी राहिली. डोक्याला दोन शाली, नाक लाल.

"खरं का गं ॲग्नेस? घर गोठवून तू धुणीघरात राहतेस? पाखरांसाठी?"

"खरं."

"माणसं थंडीने मरायला लागलीत आणि तू कोळसा जाळून चिमण्या शेकतेस! क्लेमच्या हाडाबरोबर तुझं डोकंपण मोडलं की काय?"

"चिमण्या नाहीत, रेन आहेत," ॲग्नेस म्हणाली. "आणि कोळसा माझा आहे. माझी ऊब मी एका बाजूने घेते, ते दुसऱ्या बाजूने घेतात. तुझं काय जातं त्यात?"

"लोक हसतायत!"

"हसू देत. तेवढीच त्यांना ऊब."

बर्था तणतणत गेली. ॲग्नेस आत आली आणि किटली आपटून ठेवली. मला म्हणाली, "तुलाही हसायचं असेल तर हसून घे." पण मी हसले नाही. तिचे हात फुटले होते, बोटांच्या सांध्यांवर रक्त सुकलं होतं. दगडांच्या फटीत चरबी दाबायची ती हातमोजे घालून जमत नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात गावचे नळ जमिनीखालीच गोठले. ज्यांच्या अंगणात पंप होते तेही जाम. लोक बर्फ वितळवून चहा करायला लागले, पण बर्फ वितळवायलाही कोळसाच लागतो, आणि बादलीभर बर्फाचं पाणी होतं किती? तांब्याभर. सबंध वरच्या आळीत एकच पंप चालू राहिला. ॲग्नेसच्या धुणीघरातला. चुलाण दिवसभर पेटतं असल्यामुळे तो गोठलाच नव्हता.

पहिली आली ती बर्थाच. दोन बादल्या घेऊन, मान वळवून.

"पाणी मिळेल का?"

मी चहा पीत तिथेच बसले होते. मला वाटलं, आता ॲग्नेस हिला सुनावणार. मी असते तर सुनावलं असतं.

"मिळेल की," ॲग्नेस म्हणाली. "गरमही मिळेल, हंड्यात आहे. पण आच चालू राहायला हवी. येताना फावडंभर कोळसा घेऊन येत जा, नाहीतर लाकूड. काहीही जळेलसं. आणि घरच्यांचे कपडे आण उद्या, धुवून घे. आणि दार उघडं टाकलंस तर बघ."

तीन दिवसांत अख्खी आळी त्या धुणीघरात होती. म्हातारे भिंतीला पाठ लावून बसायचे, बायका कपडे पिळायच्या, बाळांना हंड्यातल्या पाण्याने अंघोळी व्हायच्या. जो येईल तो जळण घेऊन यायचा. मोडकी खुर्ची, जुनं फाटक, कुणी तर कोंबड्यांचं खुराडं फोडून आणलं. तीन वाजले की ॲग्नेस आवाज द्यायची, "आच वाढवा!" आणि कोणीतरी मुकाट्याने वाढवायचं. साडेचारला ती सगळ्यांना गप्प करून बाहेर जायची, मोजायची आणि आत येऊन आकडा सांगायची. बर्था विणता विणता मान वर करून विचारायची, "किती?" तेवीस. दुसऱ्या दिवशीही तेवीस. एकही कमी नाही. टायसन खाटीक आठवड्यातून दोनदा स्वतःच चरबी पोचवायला लागला आणि तासभर चुलाणापाशी बसून सगळ्यांचं डोकं खायचा.

मग ते वादळ आलं. दीड दिवस वारा घोंघावत होता. मी घराबाहेर पाऊल टाकलं नाही. थांबलं तेव्हा सकाळी मी सरळ ॲग्नेसकडे निघाले. फॉसेटांच्या अंगणात वाऱ्याने बर्फ असा लोटला होता की धुणीघराची मागची भिंत छपरापर्यंत गडप झाली होती. घरटं त्याच्या आत कुठेतरी.

ॲग्नेस आधीच खणत होती. फावडं बर्फाखाली गेलं होतं, म्हणून हातात शाळेतला मोठा पत्र्याचा ट्रे होता.

"पहाटेपासून?" मी विचारलं.

"उजाडल्यापासून. बोलू नकोस, खण."

मी टपालाची पिशवी टाकली आणि हातांनी उपसायला लागले. थोड्या वेळाने बर्था आली, तिच्याजवळ फावडं होतं. वरचा बर्फ मऊ होता, आतला साखरेच्या खड्यासारखा कडक. भिंत लागली, धुराड्याचे दगड लागले. ॲग्नेस शेवटी ट्रे टाकून नखांनी खरवडायला लागली आणि घरट्याचं भोक दिसलं. बर्फाने पक्कं बुजलेलं. तिने केसातली पिन काढून हलकेच ते मोकळं केलं आणि तोंड जवळ नेऊन ऐकलं.

काही नाही.

"उघडून बघू या का?" बर्था कुजबुजली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

"नाही. मागे सरा सगळ्या. शाळेत जेवणाची घंटा झाली की आपण दारातून बाजूला होतो ना, तसं."

आम्ही मागे सरलो. ऊन कोवळं पडलं होतं. किती वेळ गेला कोण जाणे, मी पायाची बोटं हलवून बघत होते. मग भोकात काहीतरी हललं. चोच. मग डोकं. पहिला रेन बाहेर आला, भोकाच्या कडेवर बसून अंग झाडलं आणि खाली बांधाकडे गेला. मग दुसरा. बर्था माझ्या दंडाला धरून मोठ्याने मोजायला लागली. एकेकाचे पंख चिकटलेले, एकेक धडपडत निघाला. सतरा झाले, आणि मग कुणी आलं नाही.

ॲग्नेसने शिडी लावून झाकण काढलं. आत तळाशी सहा होते. वरच्यांच्या वजनाने दबलेले, त्यांच्यावर बसूनच बाकीचे जगले असणार. तिने ते एकेक उचलून ॲप्रनमध्ये घेतले. घरटं खरवडून, पुसून कोरडं केलं आणि झाकण परत बसवलं. खाली उतरली आणि शिडीच्या पायाशी बर्फातच बसली.

"जाऊ दे गं," बर्था म्हणाली. "केलंस तेवढं केलंस. आता घरी चल माझ्या, चहा घे."

"चहा नंतर," ॲग्नेस म्हणाली. "सतरा जण सकाळपासून उपाशी आहेत. बर्था, तू चीज किस. बारीक किस. नोरा, मला वर ओढ जरा, गुडघा धरलाय."

त्यानंतरचे तीन आठवडे मी काय सांगू? रोज तेच होतं. पाणी, चरबी, चीज, आच, आकडा. न चुकता, न कंटाळता. वादळानंतर घरट्यावर तिने पत्रा वाकवून छपरी केली आणि दर दोन तासांनी जाऊन भोक बघायची. कुणाला त्यात सांगण्यासारखं काही वाटणार नाही, पण मला वाटतं खरं अवघड तेच होतं. सतराचे चौदा झाले, आणि चौदावर थांबले.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी छपरं गळायला लागली. नळ आले, रस्ता मोकळा झाला. आणखी दहा-बारा दिवसांनी क्लेम काठी टेकत बसमधून उतरला. आम्ही पाच-सहा जणी तिथे होतो. घरात शिरता शिरता त्याने विचारलं, "रेन किती राहिले?"

"चौदा."

"चौदाच?"

ॲग्नेस थांबली. तिने पिशवी खाली ठेवली.

"चौदाच? चौदाच म्हणतोस? क्लेमेंट फॉसेट, मी पंचेचाळीस दिवस धुणीघरात झोपले आहे. माझे हात बघ. चौदाच म्हणे!"

क्लेम हात बघत राहिला. मग काठी भिंतीला टेकवून, एका पायावर भार देऊन, तिचे हात धरून उभा राहिला. आम्ही बाकीच्या रस्त्याकडे बघायला लागलो.

त्या वसंतात माझी टपालाची फेरी नऊ मैलांची होती, सहा वाड्या. पाच वाड्यांत मला एकही रेन ऐकू आला नाही. झुडपं तशीच, बांध तेच, पण शांत. चालताना चुकल्यासारखं वाटायचं. वरच्या आळीच्या वळणावर आलं की मात्र दोन्हीकडून, बांधातून, कोळशाच्या खोलीच्या छपरावरून, तो ठणठणीत आवाज सुरू व्हायचा. बर्था दारात उभी राहून परक्या माणसालाही सांगायची, "आमचे आहेत ते."

ॲग्नेसला पाखरं आवडायला लागली का, तर नाही. साळुंक्यांना ती अजून शिव्या द्यायची आणि सोमवारी चादरींवर डाग पडला की क्लेमचा उद्धार व्हायचा. पण ऑक्टोबरात मी टपाल घेऊन गेले, तर ती धुराड्याच्या भिंतीपाशी शिडीवर होती, तोंडात खिळे धरून. जुन्या घरट्याच्या शेजारी आणखी दोन नवी ठोकली होती, दोन्ही वाकडी. क्लेम खाली उभा राहून सांगत होता, "डावीकडे जरा, अगं डावीकडे," आणि ती त्याचं अजिबात ऐकत नव्हती.